बाबांच्या पेनड्राइव्हवर आजची तारीख

मंडळी, आज आमचं डिजिटल फॉरेन्सिक्सचं, म्हणजे कॉम्प्युटरमधले पुरावे शोधायचं, पहिलं प्रॅक्टिकल होतं. जुना पेनड्राइव्ह आणायला सांगितलेला. मी बाबांचा नेला. ते जाऊन वर्ष झालं.

सर घसा फोडून सांगत होते, "आधी कॉपी काढा, मूळ उघडू नका!" मला कुठला धीर? लावला आणि भाट्ये किनाऱ्यावरचा आमचा दोघांचा फोटो उघडला.

सर मागे येऊन थांबले. "घाई केलीस गो. फोटो शेवटचा कधी उघडला त्याची नोंद राहते, तिथे आता आजची तारीख पडली. आधीची गेली."

आधीची बाबांची होती. त्यांनी तो शेवटचा कधी पाहिला, ते आता कधीच कळणार नाही.

खोलीवर आलेय. सांगायला कोणी नाही, म्हणून इथे लिहितेय. गेलेल्या माणसाने शेवटचं हाताळलेलं असं काही तुमच्याकडे आहे का, ज्याला तुम्ही अजून हात लावलेला नाही?