आगाऊ जीभ घेऊन साक्रीकडे

धरणगावच्या स्टँडवर आईने डब्यासोबत एक ताकीदही बांधून दिली : लिलाव झाला की तोंड मिटायचं.

लिलावाचं आधी सांगतो. साक्रीच्या पलीकडे डोंगरात एक छोटी ख्रिस्ती मंडळी आहे. गावाचं नाव सांगत नाही, कारण त्यांनी मला परत बोलावलंय आणि मला वाटेकरी नकोत. तिथे पिकं निघाली की हंगामाचा सण होतो. ज्याच्या शेतात जे पिकलं ते चर्चमध्ये आणून वाहायचं आणि भक्ती संपली की त्याचा लिलाव. मी कापसाच्या व्यापाऱ्याच्या आवाजात बोली पुकारतो हे तिथल्या पाळकांनी कुठल्याशा लग्नात ऐकलं होतं, म्हणून हे आमंत्रण. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या वात्रटपणाला कोणी सेवा म्हटलं होतं, त्यामुळे माझी छाती जरा पुढेच चालत होती.

आईची ताकीद मात्र उगाच नव्हती. मला एक रोग आहे. मी ठरवून नकला करतो त्या वेगळ्या. पण समोरचा जसा बोलतो तसं माझं तोंड आपोआप बोलायला लागतं, मला न विचारता. गुजराती दुकानदारासमोर मी गुजराती होतो, सर्दी झालेल्यासमोर माझं नाक बंद होतं. अमळनेरला गाडी बदलली तर नवा कंडक्टर नाकातून बोलणारा निघाला. मी नाकातूनच धुळ्याचं तिकीट मागितलं. त्याने ते असं दिलं की धुळ्यापर्यंत माझी त्याच्याकडे बघायची हिंमत झाली नाही.

धुळ्याला शेवभाजी खाल्ली. नाक, डोळे, पाप, सगळं वाहून गेलं असं वाटलं. चुकीचं वाटलं.

साक्रीच्या बसमध्ये माझ्या शेजारी चाळिशीचा एक शेतकरी बसला होता. पांढरा शर्ट, मांडीवर पिशवी, हातात चष्म्याची नवी कोरी डबी. दर थोड्या वेळाने डबी उघडायचा, चष्मा पुसायचा, घालायचा, तिकिटावरची बारीक अक्षरं वाचायचा आणि खूश होऊन परत ठेवून द्यायचा. मी हसलो, तोही हसला. म्हणाला, "उ-उ-उद्या वाचायचं आहे. लो-लोकांपुढे."

मला मनापासून आनंद झाला. मनापासून विचारलं, "कु-कु-कुठे?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. चष्मा काढून डबीत ठेवला, डबी पिशवीत ठेवली. भाऊ, मी चिडवत नाही हो, हे सांगायला तोंड उघडलं, तर "भा-भा-भाऊ" असंच बाहेर आलं. मी अडखळत माफी मागणारा खान्देशातला पहिलाच असेन. तो उठला आणि साक्रीपर्यंत दांडी धरून उभा राहिला. त्याची रिकामी सीट माझ्या शेजारी बसून राहिली.

साक्रीला उतरल्यावर तो ज्या दिशेला गेला त्याच्या उलट दिशेला जाऊन मी दोन चहा प्यायलो. तेवढ्यात तो आपल्या गावी, आपण आपल्या गावी, असा हिशोब. मग जीपने डोंगराकडे. दोन्ही बाजूंना कापलेली भातं, नागलीच्या (नाचणीच्या) पेंढ्या, सागाची मोठाली पानं. दिवेलागणीला पाळकांनी मला मुक्कामाच्या घरी नेलं आणि दार उघडलं चष्म्याच्या डबीने. म्हणजे ती खिशात ठेवलेल्या माणसाने.

"जय ख्रिस्त," तो म्हणाला. एवढंच. त्याने हातपाय धुवायला माझ्यापुढे तांब्या धरला, मी घाबरून तो त्याच्याच पायावर पाडला आणि स्वतःला गाढव, बैल, रेडा अशा तीन शिव्या तीन वेगवेगळ्या आवाजांत दिल्या. आतून त्याची मोठी बहीण, मार्था अक्का, शांतपणे म्हणाली, "ऱ्हाऊ दे रे पोऱ्या." (राहू दे रे पोरा.)

त्याचं नाव याकोब. बसमधलं तो कोणालाच बोलला नाही. फक्त पाळकांना म्हणाला की उद्याचं वाचन दुसऱ्या कोणाला तरी द्या. पाळकांनी मला बाहेर घेऊन हळूच सांगितलं की याकोबभाऊ लोकांपुढे कधीच वाचत नाहीत. यंदा स्वतःहून मागितलं होतं. पावसाळाभर बैलांना वाचून दाखवत होते. वाटेत लुटलेला, मार खाऊन पडलेला माणूस आणि त्याला उचलणारा परका शोमरोनी, ती बायबलमधली गोष्ट. आज धुळ्याहून चष्मा आणला आणि एकाएकी काय झालं कळेना.

मला कळत होतं. लुटणारा कोण ते मी सांगू शकत होतो, त्याने धरणगावची बस पकडली होती.

मी आत जाऊन सगळं सांगून टाकलं. रोग, बस, सगळं. वर जाहीर केलं की मी जेवणार नाही, लिलाव पुकारणार नाही, सकाळच्या पहिल्या जीपने निघून जाईन. माझ्या मते हा फार मोठा पश्चात्ताप होता.

अक्का भाकरी थापतच होत्या. "तू उपाशी ऱ्हायना ते याकोबनी जीभ मोकळी व्हई जाई का? भाकर कुत्रा खाई जाई." (तू उपाशी राहिलास तर याकोबची जीभ मोकळी होईल का? भाकरी कुत्रा खाऊन जाईल.)

मग भावाकडे वळल्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं, शब्द अडला की याकोबभाऊ मूठ वळून स्वतःच्या मांडीवर मारतात. आताही मारत होते.

"हाऊ स्वतःले मारस, तू स्वतःले शिव्या देस," अक्का म्हणाल्या. "शेजारीवर स्वतःइतकी माया करा, अशी येशूनी आज्ञा शे. तुम्ही दोन्ही स्वतःवर जशी करतस, तशी शेजारीवर करी ते तो बिचारा मरी जाई." (तुम्ही दोघं स्वतःवर जशी करता, तशी शेजाऱ्यावर केली तर तो बिचारा मरून जाईल.)

याकोबभाऊ आधी हसले. मग मी. हसता हसता मी नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी एवढी खाल्ली की कुत्र्याने आशा सोडली.

जेवताना भाऊंनी विचारलं, हे तुला स-स-सगळ्यांबरोबर होतं? मी कंडक्टरचं सांगितलं. मग अक्का म्हणाल्या की गाण्यात याकोब कधी अडत नाही, बठ्ठा (सगळे) सोबत असतात ना. भाऊंनी पवित्र शास्त्र उघडलं, चष्मा घातला आणि बोट ओळीखाली ठेवलं. मला खूण केली. आम्ही दोघं एकदम वाचायला लागलो आणि गाडी घाट सोडून सपाटीला लागावी तसे ते वाचत गेले. तरी शेवटी म्हणाले, उ-उद्या बघू.

सकाळी चर्चमध्ये वेदीपुढे भोपळे, भाताच्या पेंढ्या, तुरीच्या शेंगा, एक चिडलेला कोंबडा. वाचनाची वेळ झाली. भाऊ बसूनच राहिले. मी खाली बघत होतो. मग माझ्या बाहीला ओढ बसली आणि आम्ही दोघं पुढे गेलो.

सुरुवात झकास झाली. इतकी झकास की मी लोकांचे चेहरे बघायला लागलो आणि माझी ओळच हरवली. बोली पुकारणारा मी, गप्प. भाऊंनी शाळेतल्या पोराला दाखवावी तशी बोटाने मला ओळ दाखवली, आणि माझ्यासाठी थांबले मात्र नाहीत. एकटेच पुढे गेले. डाकू गेले, याजक, म्हणजे पुजारी, नुसता बघून गेला, आणि "शो-" वर येऊन भाऊ अडले.

"शो-शो-"

पुढचा शब्द माझ्या जिभेच्या टोकावर उभा होता. पुरा करून द्यावा की त्यांच्यासारखाच म्हणावा, जिभेला दोन्ही येत होतं. मी दात आवळले. भाऊंची मूठ वर आली. मांडीजवळ गेली, उघडली आणि मांडीवर नुसती टेकली, आजारी पोराच्या कपाळावर हात ठेवावा तशी. कोणी खोकलं नाही. कोंबडासुद्धा गप्प होता.

"शोमरोनी," भाऊ म्हणाले. आणि गोष्ट शेवटापर्यंत नेली. आणखी दोन ठिकाणी अडले. मांडीला काही झालं नाही.

लिलावात मी व्यापारी केला, पाळक केले, कोंबड्याचाही आवाज काढला. मागून भाऊंनी ओरडून विचारलं, "म-मन्ही का बरं नही?" (माझी नक्कल का नाही?) सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी खिशातून नसलेली डबी काढली, उघडली, चष्मा पुसला, घातला, कोंबड्याचं पोट वाचलं, खूश होऊन परत ठेवून दिला. सगळ्यांत जास्त भाऊच हसले. हसून डोळ्यांत पाणी आलं म्हणून त्यांनी खरा चष्मा काढून पुसला, तर लोक आणखीच हसले.

परतीच्या बसमध्ये माझ्या मांडीवर अक्कांनी दिलेला भोपळा होता. धुळे गेलं, अमळनेर गेलं. धरणगावला उतरताना पायरी चुकली आणि स्टँडवर सगळ्यांसमोर भोपळा फुटला. मी त्याच्या बिया गोळा करत बसलो. गाढव, बैल, रेडा तिघंही ओठांपर्यंत आले होते. पण तोंडातून आलं ते वेगळंच, माझा रोग जुनाच आहे, जिथे राहतो तिथला आवाज लागतो.

"ऱ्हाऊ दे रे पोऱ्या," मी म्हणालो. हुबेहूब अक्का.