नमुन्याची अंगठी

दुकानात तिला सगळे जोडीताई म्हणत. नाव मालकांनीच पाडलं होतं आणि त्यात थोडी चेष्टा होती, कारण लोकांच्या जोड्या लावून देणारी ही बाई स्वतः एकटी होती. नकटीच्या लग्नाला निदान सतरा विघ्नं तरी येतात. हिच्या लग्नाकडे एखादं विघ्नही फिरकलं नव्हतं. "स्थळं आली होती, तूच नाक मुरडलंस," असं दादा फोनवर अजूनही म्हणे. स्थळं आली होती हे खरं. एकाने तिला पाहून तिच्या धाकट्या मावसबहिणीची चौकशी केली. दुसऱ्याचा तर नुसता नकाराचा निरोपच आला. पण दादाशी वाद कोण घालणार? रविवारी तो फोन करी आणि घरात तेवढाच काय तो फोन वाजे.

दुकानाच्या डाव्या अंगाला तिचं काउंटर होतं. तिथे फक्त काळ्या हिऱ्यांच्या अंगठ्या, त्याही लग्नाच्या, जोडीने. काळा हिरा हे जरा विचित्रच प्रकरण. पांढऱ्या हिऱ्यात भिंग लावून डोकावता येतं, त्याच्या पोटातलं सगळं बाहेर काढता येतं. काळ्याच्या आत काही दिसत नाही. जोडीताई खडा असा धरी, की छतावरच्या ट्यूबलाइटची रेघ त्याच्या माथ्यावर पडावी. रेघ सरळ उमटली तर खडा चांगला. मध्येच मोडली तर तिथे खड्डा आहे असं समजायचं. आणि दोन खडे जोडीला लावायचे तर दुकानातल्या दिव्यांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. "दिव्याखाली सगळे काळे सारखेच दिसतात, दारात चला," असं म्हणून ती गिऱ्हाइकाला उठवी. दारात, दिवसाच्या उजेडात, एखादा खडा करडा निघे, एखाद्यात तपकिरी झाक दिसे, आणि मघाशी जुळी वाटलेली भावंडं एकमेकांना ओळख दाखवीनाशी होत. तिच्या हातून गेलेली प्रत्येक जोडी आधी त्या उंबऱ्यावर उभी राहून गेलेली असे.

माणसं पारखायच्या तिच्या तऱ्हा तर आणखीच वेगळ्या. नवी जोडी समोर बसली की पहिला प्रश्न ठरलेला: "भांडी कोण घासणार?" दोघं हसत, मग दोघांपैकी एकजण खाली बघे. जो खाली बघे त्याच्यासाठी ती खोलगट कोंदणाची अंगठी काढी, कारण काळा हिरा कडेला ठिसूळ, भांड्यावर आपटला तर टवका उडतो. दुसरं म्हणजे कोणालाही ती स्वतःची अंगठी निवडू देत नसे. त्याने तिची निवडायची, तिने त्याची. भांडणं होत, रुसवे होत, पण अंगठ्या मात्र नेमक्या निवडल्या जात.

तिच्या स्वतःच्या बोटातली अंगठी निवडली होती मालकांनी, तीही मेहेरबानी म्हणून नव्हे. काळे हिरे नवे नवे आले तेव्हा खपेनात. "लग्नाला काळं?" म्हणून आयाबाया ट्रे मागे सरकवत. मालकांनी डोकं लढवलं. पडून राहिलेल्या जोडीतली बायकी अंगठी जोडीताईच्या बोटात घालायला दिली, पुरुषी तिजोरीत ठेवली. "हातावर दिसली की लोक घेतील," ते म्हणाले. "नमुना आहे हं. गिऱ्हाईक लागलं की काढून द्यायची."

त्याच आठवड्यात एका मुलीच्या आईने तिच्या बोटाकडे बघून विचारलं, "तुमच्या लग्नाला किती वर्षं झाली?" नाही म्हणावं तर गिऱ्हाईक उठणार. जोडीताई म्हणाली, "सात." आई म्हणाली, "मग काळ्याचं काही वाईट नसतं म्हणायचं," आणि सौदा झाला.

एका खोट्याला दहा खोट्यांचा टेकू लागतो. नवरा झाला, मग त्याला नोकरी लागली. नोकरी जहाजावरची, म्हणजे तो कधी दिसत नाही याचा खुलासा झाला. मग त्याला स्वभाव आला. तो विसराळू होता, चहा फुंकून पीत असे, आणि एकदा जहाजाच्या कठड्यावर हात आपटून त्याने अंगठीच्या खड्याचा टवका उडवला होता. ही शेवटची गोष्ट धंद्याला फार उपयोगी पडे. "आमच्या ह्यांचं ऐका नि शहाणे व्हा," म्हणून तिने कितीतरी जणांना खोल कोंदणं घ्यायला लावली.

इथपर्यंत सगळं दुकानातलं होतं. पण हळूहळू तो तिच्या मागोमाग घरी यायला लागला. धोब्याच्या दुकानावर तिच्या दोन खोल्या होत्या, खालून दिवसभर इस्त्रीची वाफ वर येई. मोरीतला नळ गळत होता. एका संध्याकाळी नळाखाली वाटी सरकवताना तिच्या तोंडून निघून गेलं, "गेल्या सुट्टीत करतो म्हणालात, झालं का?" बोलली आणि स्वतःच दचकली. मग हसली. मग रोजच बोलायला लागली. त्याच्याशी भांडताना ती बोटातली अंगठी फिरवत राही. ती दुकानाची आहे, ती तिच्या मापाची करून घेतल्याची पावतीसुद्धा मालकांच्या नावाची आहे, हे ती केव्हाच विसरून गेली होती. आठवलं तरी मन तिकडे वळू देत नसे. ती अंगठी गेली तर तोही जाणार, हे तिला पुरतं ठाऊक होतं.

आणि मग ती मुलगी आली.

मुलीचा होणारा नवरा पूल बांधणाऱ्या कंपनीत होता. लग्न झालं की महिन्याभरात त्याला लांबच्या कामावर जायचं होतं, वर्षातून दोनदा घरी. पहिल्या दिवशी ती एकटीच आली. काकू, काकू करत तिने सगळं विचारून घेतलं. अंगठ्यांबद्दल कमी आणि काकांबद्दल जास्त.

"तुम्ही कशा राहता हो, काकू? ते नसताना?"

जोडीताईने ट्रे बाजूला ठेवला. असं तिला कोणी विचारलंच नव्हतं. "पहिले काही महिने घर फार मोठं वाटतं," ती म्हणाली. "आपण एका कोपऱ्यात बसतो आणि बाकीचं घर नुसतं उरतं. मग ते नसतानाच आपण त्यांच्याशी भांडायला लागतो. आता आमचा नळच बघ. करतो म्हणाले, गेले निघून. मी वाटी लावून बसलेय."

"आणि मग?"

"मग सवय होते."

मुलीने तिचा हात हातात घेतला आणि अंगठीकडे बराच वेळ बघत राहिली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

चार दिवसांनी ती होणाऱ्या नवऱ्याला घेऊन आली. त्याने तिच्यासाठी तीन अंगठ्या निवडल्या, तिने तिन्ही परत केल्या. "मला काकूंसारखीच हवी," ती म्हणाली. "अगदी तशीच. त्यांना लाभलीय ती."

"तशी आता येत नाही गं," जोडीताई घाईघाईने म्हणाली. "ती घडणच बंद झाली. ही बघ, ही तुझ्या हाताला..."

मालक आतून बाहेर येत होते. तसा वाईट माणूस नव्हे. पण विक्रीचा वास आला की त्यांना दुसरं काही सुचत नसे. "येत कशी नाही?" ते म्हणाले. "हीच घ्या की. हिच्या जोडीची जेन्ट्स अंगठी तिजोरीत पडलीय कधीची."

मुलगी गोंधळली. "पण ती तर काकांच्या..."

"कोण काका?" मालक हसले. "अहो, नमुना आहे तो. आमच्या ताई एकट्याच. लग्नबिग्न काही नाही."

मुलीने जोडीताईकडे बघितलं, आणि जोडीताईने ट्रेमधल्या अंगठ्या सारख्या करायला घेतल्या. त्या आधीच सारख्या होत्या. तिला लाज वाटत होती, पण लाजेपेक्षा भीती मोठी होती. मालक म्हणाले, "काढा ना ताई," आणि तिने खरोखरच ओढून बघितली.

अंगठी निघेना. इतक्या वर्षांत पेर जाड झालं होतं. तिच्या मनात एक वेडी आशा उभी राहिली. पण मालकांनी मागच्या खोलीतून कारागिराला हाक मारली. तो म्हातारा कातर घेऊन आला, त्याने तिच्या तोंडाकडे बघितलं आणि कातर परत खिशात टाकली. त्याने तिच्या बोटाला साबणाचं पाणी लावलं, पेरावरून घट्ट दोरा गुंडाळला आणि त्याचं टोक अंगठीखालून घेऊन एकेक वेढा सोडवत अंगठी वर सरकवत आणली. "दुखतंय का, ताई?" त्याने विचारलं. ती नाही म्हणाली. दुखत होतं.

बोटावर पांढरा, चिमटलेला पट्टा राहिला.

मालकांनी अंगठी फडक्याने पुसली, तिजोरीतली दुसरी तिच्याशेजारी ठेवली. दिव्याखाली दोन्ही काळ्याभोर. "बघा, काय जोडी आहे," ते म्हणाले.

"दारात बघू या," जोडीताई म्हणाली.

हे बोलताना तिला स्वतःलाच कळलं, की ही एक जोडी तिने कधी दारात नेलीच नव्हती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. सगळे उंबऱ्यावर आले. बाहेर रस्त्यावर दुपारचं ऊन होतं, समोरचा सायकलवाला पंक्चर काढत होता. तिने दोन्ही अंगठ्या तळहातावर धरल्या. तिजोरीतली डांबरासारखी काळी. तिची मात्र तपकिरी झाक मारत होती, अगदी उघड. खडे एका जोडीचे नव्हतेच, पहिल्यापासून नव्हते. म्हणूनच पडून राहिले असणार.

"जुळत नाहीत," ती म्हणाली. आवाजात आनंद येऊ नये म्हणून तिला जपावं लागलं. "मी माझ्या हातून अशी जोडी देत नाही. कोणालाच दिली नाही आजवर."

मुलीने निरखून पाहिलं. "नाहीच जुळत," ती हळूच म्हणाली.

जोडीताईने मूठ मिटली. क्षणभर सगळं वाचलं होतं.

तेवढ्यात पूलवाला, जो आत्तापर्यंत फक्त मान हलवत होता, म्हणाला, "नाही जुळत तर नसू देत. एक इथे राहणार, एक तिकडे. शेजारीशेजारी ठेवून कोण बघणार आहे?" आणि मुलगी पहिल्यांदा हसली. रडता रडता हसतात तसं. तिने हात पुढे केला. जोडीताईला मूठ उघडावी लागली.

कारागिराने अंगठी मुलीच्या मापाची करून दिली. तोवर मालकांनी जोडीताईसमोर नवा ट्रे आणून ठेवला. "यातली कोणतीही घाला बोटात. चांगली घसघशीत घ्या." तिने ट्रेकडे बघितलं. एकेक अंगठी झगझगीत, आणि तिच्यामागे एकेक नवरा, त्याची नोकरी, त्याचा स्वभाव, पुन्हा पहिल्यापासून. तिने ट्रे बंद केला. "राहू दे, मालक. बोट सुजलंय," ती म्हणाली.

पूलवाला पैसे देत होता. मुलगी दारापर्यंत जाऊन परत आली आणि काउंटरपाशी उभी राहिली. काकू म्हणावं की काय म्हणावं, हे तिला ठरवता येत नव्हतं. शेवटी तिने सरळ विचारलं.

"नळाचं तरी खरं होतं का?"

"नळ खराच गळतो," जोडीताई म्हणाली.

"आणि घर मोठं वाटतं, ते?"

"तेही खरं."

मुलीच्या बोटात आता ती अंगठी होती, आणि नकळत तीही ती फिरवत होती. "मग सवय होते, म्हणाला होतात."

जोडीताईला अजून एक खोटं सहज सांगता आलं असतं. इतकी वर्षं ती तेच करत आली होती.

"ते तेवढं मी बनवून सांगितलं," ती म्हणाली. "पण तुझा माणूस परत येणार आहे."

बाहेरून पूलवाल्याने मुलीला हाक मारली. तिने जोडीताईच्या त्या पांढऱ्या पट्ट्यावर क्षणभर बोट ठेवलं आणि गेली.