पायासकट फोटो

"माझं कुंकू दिसून न्हाई राहिलं का तुला?"

गिरजामावशी काउंटरवर दोन्ही हात टेकून उभ्या होत्या. मागं त्यांची लेक रेखा. सेनगावात माझं फ्लेक्सचं दुकान आहे. चिडलेलं गिऱ्हाईक मला नवीन नाही. नाव चुकलं, फोटो बारका आला, साहेब कडेला गेले, ही रोजचीच बोंब. पण कुंकवावरून आजवर कुणी भांडलं नव्हतं.

"मावशी, झालं तरी काय?"

"सकाळधरनं बाया येऊन राहिल्या घरी. गळ्यात पडून रडून राहिल्या. माहेरचे पाच जण जीप करून आमच्या गोरेगावला आले. म्हणले, बॅनर पाहिलं, दाजी कधी गेले?"

ते बॅनर मीच केलं होतं.

आठ दिवसांपूर्वी याच मावशी माझ्याकडं आल्या होत्या. त्यांचे मालक, माणिकबाबा, घरातून निघून गेले होते. बाबांनी जन्मभर आठवडी बाजारांत दोर विकले. कासरे, दावी, वेसणी. दोन वर्षांपासून डोक्यातलं सगळं पुसत चाललं होतं. जेवल्याचं विसरायचे, लेकीचं नाव विसरायचे. बाजाराची वाट तेवढी विसरले नव्हते. पोलिसांत तक्रार झाली होती. मावशींना बाजाराच्या गावोगावी बॅनर लावायचं होतं. वर 'हरवले आहेत', खाली फोन नंबर.

रेखानं मोबाइलमधले फोटो दाखवले. एकात बाबा अंगणात उभे, खांद्यावर दोरांचं भेंडोळं, बोळकं उघडून हसताना. मावशींनी तो लगेच बाजूला सारला.

"हा नको. धोतर मळकं हाय. लोक म्हणतील, बाईनं नवऱ्याला कसं ठेवलं!"

मग एका लग्नातला ग्रुप फोटो निघाला. स्वच्छ टोपी, गंभीर तोंड. पण चेहरा नखाएवढा. बारका फोटो ताणून मोठा केला की चौकोन चौकोन दिसायला लागतात. आमच्या धंद्यात याला फोटो फुटणं म्हणतात. फुटलेला फोटो ब्लॅक अँड व्हाइट केला की दोष झाकला जातो. मी तेच केलं. घाई होती म्हणून डिझाइनही नवं केलं नाही. लंबगोल फ्रेमची एक रेडी फाइल पडली होती. ती उघडली, मजकूर बदलला, नंबर टाकला, प्रिंटला सोडलं.

ती फाइल भावपूर्ण श्रद्धांजलीची होती. मला ते ठाऊक होतं. कडेची फुलं मी स्वतः काढली होती. म्हटलं, फुलं काढली की झालं. कसलं डोंबलाचं झालं!

'हरवले आहेत' लाल अक्षरांत ढळढळीत लिहिलं होतं. पण जीपमधून जाणारा माणूस अक्षरं वाचतो कुठं? लंबगोलात काळा-पांढरा चेहरा दिसला की तो हात जोडतो आणि पुढं जातो. ही सवय लोकांना आम्ही बॅनरवाल्यांनीच लावली.

"मी वाट पाहून राहिले," मावशी म्हणाल्या, "अन् तू त्यांना मारून मोकळा झालास. भाजीत मीठ कमी पडलं तर ताट सरकवायचे रे ते. चार दिवस बोलायचे न्हाईत. मला ते ताट सरकवणं बी पाहिजे."

 माझ्या स्क्रीनवर एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं बॅनर अर्धवट पडलं होतं. पुढारी डोक्यापासून बुटापर्यंत उभे, हात हलवत चालत येताना. ते बघता बघता डोक्यात उजेड पडला. श्रद्धांजलीचा माणूस नेहमी छातीपर्यंतच असतो. त्याला पाय नसतात.

"रेखा, तो भेंडोळ्याचा फोटो पाठव."

"धोतराचं काय?" मावशी म्हणाल्या.

"मळकं असू द्या. जिता माणूसच धोतर मळवतो, मावशी."

तेव्हा कुठं त्या स्टुलावर बसल्या.

दुसऱ्या दिवशी जुनी बॅनरं उतरवून नवी बांधायला मी स्वतः निघालो. मावशीही आल्या. जवळा बाजारला एका चहाच्या हॉटेलावर आमचं बॅनर होतं. मी ते काढलं आणि रंगीत उलगडलं. गाळणी तशीच हातात घेऊन चहावाला बाहेर आला.

"हे बाबा? हे तर इथंच बसायचे!"

"कुठं?"

"ह्याच बॅनरखाली. तीन दिवस होते. मला वाटलं, वरचे वारले ते यांचे भाऊ. तोंडवळा बराबर तसाच. मी विचारलं बी, बाबा, भाऊ गेला व्हय तुमचा? ते वर बघत राहिले. मग हात जोडले."

"आता कुठं आहेत?"

"परवा सकाळी उठून गेले. कुणीकडं ते न्हाई पाहिलं."

मावशी त्याच जागी खाली बसल्या. जमिनीवरून हात फिरवत राहिल्या. मग हसल्या, आणि हसता हसता पदर तोंडाला लावला.

"सोताला हात जोडून गेले येडे! मला कधी जोडले न्हाईत."

आम्ही औंढा पाहिलं, वसमत पाहिलं, हिंगोलीचं स्टँड पाहिलं. पोलिसांनाही सांगितलं. नवं बॅनर बघून फोन पुष्कळ आले. सगळे म्हणायचे, पाहिलं होतं. कुणी म्हणालं नाही, बसवून ठेवलंय.

याला आता वर्ष होत आलं. बाबा सापडलेले नाहीत. चहावाल्याचा फोन येऊ शकला असता ते तीन दिवस माझ्या लंबगोलानं खाल्ले. हे मला कुणी सुनावत नाही, मावशीसुद्धा नाही, आणि त्याचाच जास्त त्रास होतो.

बाजाराच्या दिवशी मावशी जवळा बाजारच्या त्या बॅनरखाली दोर मांडून बसतात. मी एकदा विचारलं, बाबा फोटो ओळखतील का?

"फोटो न्हाई ओळखायचे," त्या म्हणाल्या. "दोर ओळखतील. हाताला ठावं हाय ते."

उन्हात फ्लेक्सचा रंग उडतो. तो काळा-पांढरा दिसायला लागायच्या आत मी नवं नेऊन बांधतो.

हरवलेल्या माणसाचं काम आलं की आता मी आधी पायासकट फोटो मागतो. गिऱ्हाईक वैतागतं. "चेहरा दिसला म्हणजे झालं की. पाय काहून पाहिजेत?"

मी सांगतो, "त्यांना चालत घरी यायचंय ना."