काळं नव्हतं, तांबडं होतं

जेवून पडवीत आडवा झालोय. डोळा लागतोय, लागत नाही. खुर्चीवर उद्याच्या गावपारधीचा पोशाख आहे: लंगोटी, घोंगडी आणि काळं मुंडासं. मंडळाचे अध्यक्ष बाबली परब सकाळी स्वतः आणून ठेवून गेले. हाकारा घालत पुढे चालायचं, बंदूकवाल्यांसाठी डुकरं उठवायची, हा आमच्या घराचा मान. गेल्या वर्षी तो माझ्या थोरल्या भावाकडे, सगुणदादाकडे होता. त्याने डोक्याला भगवी टोपी मागितली, तर परब म्हणाले, परंपरेत टोपी बसत नाही. ह्याच पोशाखात तो करवंदीच्या जाळीत वाकला आणि आपल्याच माणसाच्या गोळीने गेला. काळं हललं, डुक्कर वाटलं. गाव म्हणतं, देवाने नेला. देवाकडे बंदूक नव्हती.

खुर्चीवर आता सगुणदादा बसलाय. मुंडासं मांडीवर घेऊन चाचपतोय. मी विचारतो, दुखतं का. तो म्हणतो, ता सोड, थंय आजो माका रोज गाळी घालता.

"कित्याक?"

"ह्या काळ्या फडक्यासाठी."

पडवीला भिंत नाही. आम्ही जाळीत उभे आहोत, पायाखाली सारवण तसंच, आणि फांद्यांना आमच्या घरची भांडी टांगलेली. जाळी सरळ देवळाच्या सभामंडपात शिरते. समोर आजोबांच्या पारधीचा जुना फोटो. ह्याच्यावरूनच मंडळाने अस्सल पोशाख ठरवला. सगळ्यांच्या डोक्याला काळी मुंडाशी.

दादा काचेवर नख मारतो.

"काळा नाय रे. तांबडा होता. तेव्हाच्या फोटोत तांबडा काळाच दिसायचा."

आजोबा त्याला सांगतात म्हणे, तांबडं हौसेने नव्हतं बांधलं. रानात माणूस डुकरापासून वेगळा दिसावा म्हणून बांधलं. लंगोटी लावणाऱ्यांना एवढी अक्कल होती. मंडळाने फोटो काचेत बसवला, अक्कल बाहेर राहिली.

मला हसू येतं. फोटोला रंग नव्हता म्हणून माझा भाऊ मेला.

दादा माझ्या डोक्याला मुंडासं बांधू लागतो. ओलं, गरम, तांबडं. फार आवळतो.

"उद्या ह्याच बांध. नायतर तूय येतलंस, आणि आजो दोघांकय गाळी घालतलो."

परबांच्या हाकेने जाग येते. काळं मुंडासं खुर्चीवर जसंच्या तसं. कपाळावरचा घाम पुसतो, तळवा तांबडा होतो. पुन्हा पुसतो. पुन्हा तांबडा.

परब दारातून विचारतात, पोशाख अंगाला होतो ना.

मी सांगतो, उद्या मी तांबडं बांधणार. ते परंपरेवर येतात. मी काळं मुंडासं उचलून त्यांच्या हातात देतो.

"मग हे तुम्ही बांधा, परब. आणि पुढे चाला."

परब माझ्या कपाळाकडे बघत राहतात. मुंडासं बांधत नाहीत.