डचेस नावाची घोडी आणि एक नोकर

अकरा वर्षं एकाच खुर्चीवर बसतो आहे. गुडघे आखडले, किस्से साचले. मुलगा इथे डॉक्टर. मी चौथी पास, नॉटिंगहॅमजवळच्या एका छोट्या लष्करी म्युझियममध्ये अटेंडंट. काम एकच. "हात लावू नका" म्हणायचं. माझ्या खोलीत जुनी वायव्य सरहद्द मांडली आहे. अलीकडे इंग्रज, पलीकडे रशियाचा झार, मध्ये डोंगर.

*

सरहद्दीच्या नकाशावर एक तपकिरी गोल आहे. एका बाईंनी विचारलं, "हे कुठलं तळं?"

"तळं नाही. साहेबांचा चहा सांडला होता."

त्या डागाखालीसुद्धा पाटी आहे.

*

एक म्हातारा इंग्रज आणि एक म्हातारा रशियन नकाशापुढे भांडत होते. खिंडीत आधी कोणाची फौज पोचली? त्यांना घेऊन आलेला टॅक्सीवाला त्याच मुलखातला. तो म्हणाला, "लवकर उरका. त्या खिंडीत माझ्या मामाच्या शेळ्या चरतात."

दोघांनी ऐकलं नाही. मी त्याला माझी खुर्ची दिली.

*

तोफेखाली लिहिलंय, 'हिने सरहद्दीवर शांतता राखली.'

एकाने विचारलं, "किती लांबपर्यंत?"

"दोन मैल," मी म्हणालो.

*

तोफेशेजारी एक फोटो. पाटी अशी : 'कर्नल, डचेस नावाची घोडी आणि एक नोकर.'

लगाम धरलेला तो नोकर माझा आजा. त्याचा डावा कान पलटणीतल्या खेचराने तोडला होता. फोटोत तो कान तसाच तुटका आहे. घोडीचं नावही बापाच्या तोंडून शंभरदा ऐकलेलं.

आमच्या क्युरेटर हेलनबाईंना म्हणालो, "नाव लिहा. सखाराम मोहिते."

"कागद हवा, मिस्टर मोहिते."

"घोडीचा आहे?"

"आहे. कर्नलच्या पत्रांत तिचं नाव सतरा वेळा आलंय."

"आणि आज्याचं?"

बाईंनी चष्मा पुसला. "एकदाही नाही."

दारावरचा पॅट्रिक मला म्हणाला, "सॅक, तुझ्या आज्याने शेपूट लावायला हवं होतं."

*

आमच्याकडे आज्याचं नाव नातवाला ठेवतात.

परवा ट्रस्टचे मोठे साहेब तपासणीला आले. माझ्या कोटाकडे बघून म्हणाले, "नावाचा बॅज कुठे? बॅज नसेल तर नोकरी जाते, माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"मग कुठे आहे?"

मी फोटोकडे बोट दाखवलं. साहेब वाकले. पाटीवर 'एक नोकर' होतं, त्यावर माझा बॅज बरोबर बसला होता. हेलनबाई छताकडे बघत होत्या.

तो काढायला साहेबांनी हात पुढे केला.

मी खुर्चीवरूनच म्हणालो, "हात लावू नका."