दवंडीचा अर्थ

फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी बराकींत निर्वासितांची छावणी पडली. तिथला एक सिंधी म्हातारा आमच्या गल्लीच्या तोंडाशी चादर पसरून बटणं आणि दोऱ्याची रिळं विकायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. शेजारी सिंधहून बरोबर आणलेला तांबूस कुत्रा बसे. भाकरीचा पहिला तुकडा कुत्र्याला, मग आपल्या तोंडात, असा त्याचा नेम. आमच्याशी तो मोजकं हिंदी बोले. कुत्र्याशी मात्र तासन्‌तास आपल्या भाषेत.

एकदा मी माझ्या मोडक्या हिंदीत म्हटलं, "बाबा, खुद के खाने का ठिकाना नहीं, ये कुत्ता कायको?"

त्यानं कुत्र्याच्या कानामागे खाजवलं. "बाबूजी, यहाँ मेरा घर किसने देखा है? सिर्फ इसने."

एके सकाळी गल्लीत दवंडी झाली : उद्या मोकाट कुत्र्यांना विष घालणार, पाळलेली बांधून ठेवा. म्हाताऱ्याला मराठी कळत नव्हतं. "क्या बोलता है?" त्यानं मला विचारलं. मला कचेरीला उशीर होत होता. "कुछ नहीं, तुम्हारे काम का नहीं," म्हणून मी सटकलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आलो, तर कुत्रा त्या चादरीत गुंडाळलेला होता. बटणं मातीत सांडली होती.

पुढे पुष्कळ दिवस तो तिथेच बसे. दवंडीवाला आला की माल तसाच टाकून उठायचा आणि रस्ता ओलांडून समोरच्या न्हाव्याला अर्थ विचारायचा. मी अगदी त्याच्या शेजारी उभा असलो तरी.