बांडीनं खाल्लेली घाणेरी

शहापूरकडच्या शेणव्याच्या पुढं डोंगराला चिकटून जी वाडी आहे, तिथल्या कान्हाला गुरं किती राखतोस म्हणून विचाराल तर तो सांगणार नाही. गुरं मोजू नयेत, दृष्ट लागते म्हणतो. पण कुठली गाय कशी आहे ते विचारा, की मग बसा संध्याकाळपर्यंत! अख्ख्या वाडीची गुरं त्यानं हयातभर राखली. डोक्यावर टोपी, हातात काठी, आणि तोंड सारखं चालू. गुरांशी बोलतो, झाडांशी बोलतो, बायकोशी तेवढं बोलायचं राहून जातं, असं त्याची बायको बायजा म्हणते.

या कान्हाला जगात नवल एकाच गोष्टीचं. डोंगरात विष जागोजागी उभं आहे. पावसाळ्यात कळलावीची लाल-पिवळी फुलं, ओढ्याकाठी कण्हेर, वरच्या अंगाला काजऱ्याची नारिंगासारखी फळं. आणि घाणेरीचं तर नावच नको, अर्ध्या पायवाटा तिनंच गिळल्यात. यातलं नको ते पोटात गेलं की जनावर आडवं. तरीही त्याची गुरं दिवसभर त्यातूनच चरत जातात. मान लांब करतात, हुंगतात, फुस्स करून पुढं सरकतात. ना काठी लागते ना हाळी! "यांना कोन सांगतो रं?" असं तो भर दुपारी आभाळाकडे बघून विचारायचा, आणि उत्तरही स्वतःच द्यायचा, की डोंगराचा देव वाघोबा सांगतो. वासरू जन्मलं की कान्हा त्याच्या कानात हलकी फुंकर मारी. बापानं शिकवलेली ती फुंकर. तिच्याबरोबर वाघोबाचा सांगावा आत जातो, यावर त्याचा ठाम विश्वास होता.

दिवाळीच्या तोंडावर वाघबारस येते. त्या दिवशी वाडी वाघोबापाशी जमते, खीर शिजते, आणि गुराखी एक लाकडी घंटा बाहेर काढतो. डोंगराची जाण ज्या गाईला जास्त, तिच्या गळ्यात ती घंटा. वर्षभर ती पुढं, बाकीची मागं. बरीच वर्षं ही घंटा कान्हाच्या लाडक्या मोरी गाईकडेच होती.

आता सुनेकडे वळू. कान्हाचा मुलगा अमोल भिवंडीकडे गोदामात कामाला, आठवड्यानं घरी येणारा. माघात त्याचं लग्न झालं. नवरी माधुरी घाटावरची, ओतूरपलीकडची. तिच्या हाताला बाजरीची सवय, तांदळाची भाकरी थापली की काठाला फाटायची, आणि बायजा चकार शब्द न काढता परात आपल्याकडे ओढून घ्यायची. बोलली असती तर परवडलं असतं हो! पोर आतल्या आत मिटत चालली. ते माहेरी कळलं असावं. एक दिवस तिच्या वडलांनी टेम्पोत घालून गाय पाठवली, बांडी. काळ्या अंगावर पांढरे पट्टे, आणि गाभण. हिची आई हिला जन्म देऊन गेली, तेव्हा माधुरीनं बाटलीनं दूध पाजून हिला वाढवलेली. टेम्पोतून उतरल्या उतरल्या बांडीनं माधुरीचा पदर चाटला, आणि सासरी आल्यापासून पहिल्यांदा पोर मोठ्यानं हसली.

चैत्रात कान्हा बांडीला सोडायला लागला तेव्हा माधुरी दारात आडवी आली.

"मामा, ती कधी रानात गेली नाही हो. दावणीलाच वाढलीय. मी कापून आणते की वैरण."

कान्हाला हसूच आलं. "अगो, जनावर हाय ते! त्याला कोनी सांगावा लागत नाय. मना नको शिकवू."

सासऱ्यापुढं आणखी किती बोलायचं? माधुरी बाजूला झाली.

चैत्रातला डोंगर म्हणजे वाळून कोळ. हिरवं काय ते घाणेरीचं. दुपारी मोहाखाली बसल्या बसल्या कान्हाला बांडी दिसली, तोंड पार झुडपात घातलेली, शेपटी हलवत. त्याला वाटलं, बुडातलं गवत ओढतेय. रमली गाय! अरे पण देवमाणसा, चैत्रात बुडाला हिरवं गवत येईल कुठून? एवढी हयात डोंगरात घालवली आणि एवढं डोक्यात येऊ नये? पण विश्वास असा जडला की डोळे उघडे असून दिसत नाही. बाकीची गुरं त्या झुडपांना वळसा घालून गेली होती, तेही त्यानं पाहिलं आणि सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी बांडीनं चाऱ्याला तोंड लावलं नाही. शेण पडेना. डोळे हळदीसारखे पिवळे. उन्हात बांधली तर दावं ताणून सावलीकडे ओढ घ्यायला लागली. आणि मग जे झालं ते बघायला अख्खी वाडी गोळा झाली. तिच्या अंगावरचा पांढरा तेवढा भाग लाल झाला, फुगला, आणि कातडं पापुद्र्यासारखं सुटू लागलं. काळा भाग जसाच्या तसा, तुकतुकीत! पट्ट्याच्या काठावर जणू कुणी रेघ मारून दिलेली, इथवरच भाजायचं म्हणून. कुणी म्हणालं करणी, कुणी म्हणालं देवीचा कोप. कान्हा त्या रेघेकडे वाकून बघत राहिला. इतकं नेमकं भाजणं त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं.

माधुरीनं कुणाला न विचारता गुरांच्या दवाखान्यात फोन लावला. शहापूरहून प्रियांका डॉक्टर स्कूटीवर आल्या. पापणी उलटून बघितली आणि लगेच म्हणाल्या, "घाणेरी खाल्लीय हिनं."

"घाणेरीनं पट्टं कसं जळतील, बाई?" कान्हानं विचारलं.

"घाणेरीनं हिचं यकृत बंद पाडलंय, काका. हिरवा चारा पोटात विरघळला की त्याच्या हिरवेपणाचं काहीतरी मागं उरतं. चांगलं यकृत ते रोज बाहेर टाकतं. हिचं टाकत नाही. मग ते रक्तातून कातडीत येऊन बसतं, आणि त्यावर ऊन पडलं की भाजतं. काळ्या कातडीतला रंग ऊन अडवतो, पांढरीत तो नसतो."

"म्हंजे... गवतानंच भाजली हिला? ज्याच्यावर ती जगते त्यानं?"

"गवत आणि ऊन, दोघांनी मिळून."

कान्हानं डोंगराकडे मान वळवली. गवत आणि ऊन! ज्या दोघांच्या जिवावर त्याची सगळी गुरं वाढली, तीच दोघं एका पाल्यापायी उलटली होती. समोरचा तोच डोंगर, पण त्याच्याकडे बघताना आज कान्हाच्या अंगावर काटा आला.

डॉक्टरांनी विष शोषायला नळीनं कोळशाची भुकटी कालवून पोटात सोडली, सलाईन लावलं. माधुरीनं विचारलं, "जगेल ना?" त्या खोटं बोलल्या नाहीत. "आत्ताच सांगता येत नाही. पोटातल्या वासराचं तर त्याहून नाही. पूर्ण काळोखात ठेवा, उन्हाची तिरीपसुद्धा नको."

त्या गेल्यावर माधुरी एवढंच म्हणाली, "मी सांगितलं होतं, मामा." मोठा आवाज नाही, रडणं नाही. कान्हाला ते वर्मी लागलं.

गोठा कुडाचा, फटीफटीतून ऊन आत. कान्हानं बांडीचं दावं सोडलं आणि तिला सरळ घरात घातली, आतल्या खोलीत.

"अवो, तिथं माजा देव हाय! भाताची कणगी हाय!" बायजा ओरडली.

"मग तू सरक."

बायजा पुटपुटत सरकली, पण खिडकीला गोणपाट तिनंच ठोकलं, आणि माश्या वारायला पदर घेऊन बसलीही तीच. एका बाजूला सासू, दुसऱ्या बाजूला सून, मध्ये गाय. काळोखात नुसते तिच्या श्वासाचे आवाज. कान्हा उंबऱ्यावर बसून राही. गुरं सोडायला शेजारचा लडकू जाई. असे किती दिवस गेले कुणास ठाऊक, आणि एका सकाळी देवासमोर, कणगीला लागून, बांडीनं शेण टाकलं. "पडला! पडला गो!" बायजा अशी ओरडली की शेजारणी धावत आल्या. दोन्ही हातांनी शेण उचलून ती नाचायचीच बाकी होती. माधुरी हसता हसता रडायला लागली, आणि बायजानं त्याच शेणाच्या हातानं तिला जवळ ओढलं.

पुढं पावसाळ्यात रानात शेवळांची भाजी आली तेव्हा बायजानं परात ओढून घेतली नाही. "बस इथं. ह्या शेवळात काकडाची फळं घातली नाय तर घसा धरतो. किती घालायची ते बग." माधुरी बघत होती, आणि उंबऱ्यावरून कान्हा दोघींकडे बघत होता.

श्रावणात बांडी व्यायली. कालवड धडधाकट, तीही बांडीच! कान्हा फुंकर मारायला वाकला आणि थबकला. मारली, पण हळूच, उगाच आगाऊपणा करतोय असं वाटून.

वाघबारस जवळ आली तेव्हा माधुरी स्वतः बांडीला आणि कालवडीला घेऊन त्याच्याबरोबर डोंगरावर आली. पायवाटेला घाणेरी फुललेली. कालवड उड्या मारत थेट तिकडे गेली आणि तिनं पाल्याला तोंड लावलं. माधुरी किंचाळून धावली. कान्हानं तिचा हात धरला. "थांब गो."

बांडी आधीच पोचली होती. तिनं पाला हुंगला, जोरात फुस्स केलं, आणि डोक्यानं कालवडीला असा ढोसा दिला की ती कोलमडलीच. कालवड उठली, पुन्हा गेली. पुन्हा ढोसा. मग आईसारखीच मान लांब करून तिनं हुंगलं, नाक आक्रसलं, आणि आईच्या मागून गवताकडे निघून गेली.

कान्हाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्यानं ते पुसलं नाही. "आई सांगते, पोरी! ह्यांना आई सांगते. रोज माज्या म्होरं सांगत व्हती आन मी आभाळाकं बगत व्हतो. आन बांडीला तर आईच नव्हती गो..."

वाघबारशीला त्यानं म्हाताऱ्या मोरीच्या गळ्यातली घंटा सोडली. वाडीला वाटलं, आता कुठल्या जुन्या गाईचा मान? कान्हानं घंटा माधुरीच्या हातात दिली, बांडीच्या गळ्यात बांध म्हणून. हसले सगळे. दावणीची गाय, घाटावरची, ती डोंगरात पुढं चालणार?

"हसा," कान्हा म्हणाला. "तुमच्या गाईंना आयांनी सांगितला. हिनं मरनाच्या दारातून शिकून आनला."

माधुरीनं बांडीच्या गळ्यात घंटा बांधली. पाठीवर नवे केस आले होते, पांढऱ्याच्या जागी पांढरेच. दुसऱ्या दिवशी सकाळी बांडी पुढं निघाली, तिच्यामागं कालवड, त्यामागं सगळी वाडीची गुरं, आणि शेवटी कान्हा, त्या दिवशी एक शब्दही न बोलता.